पस्तीसची बाटली

हातोडी आज पुन्हा मिटलेली होती, आणि मापसाहेबांनी सकाळी साडेसहालाच कपाळाला हात लावला.

हातोडी म्हणजे एक प्रवाळ. लोकांच्या घरी जिथे टीव्ही असतो तिथे मापसाहेबांच्या हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी होती, आणि टाकीत समुद्र. म्हणजे नळाचंच पाणी, पण गाळलेलं, आणि त्यात पिशवीतलं समुद्री मीठ तोलूनमापून मिसळलेलं. दोन नारिंगी मासे, मूठभर गोगलगायी आणि खडकांवर वाढलेली आठ-दहा प्रवाळं. त्यांतलं सगळ्यात देखणं हे हातोडी. दगडी दांड्यांच्या टोकांना मऊ हिरवी बोटं, आणि प्रत्येक बोटाचं टोक हुबेहूब हातोडीसारखं. आणलं तेव्हा एका तोंडाचं होतं, पाच वर्षांत त्याची अकरा तोंडं झाली. दिवा लागला की बोटं बाहेर यायची, पाण्याबरोबर डुलायची, आणि घरी आलेला माणूस चहा विसरून बघत बसायचा.

आता ती बोटं आत ओढली गेली होती. दोन तोंडांवरचं मांस सुटून खालचा पांढरा दगड दिसायला लागला होता.

बरं, कारण सापडावं तर तेही नाही. साहेबांनी काचेच्या नळ्या मांडल्या, थेंब मोजले, रंग जुळवले आणि वही उघडली. तापमान बरोबर. कॅल्शियम बरोबर, किंबहुना जरा चढच. बाकी सगळं बरोबर. खारेपणा पस्तीस, म्हणजे किलोभर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ. समुद्राचा असतो तितकाच, एक काडी इकडे नाही की तिकडे नाही.

"सगळं बरोबर आहे!" साहेब टाकीवर खेकसले. "मग तुम्हाला झालंय तरी काय?"

"माशांना ओरडून काय होणार?" बायको आतून म्हणाली.

"मासे बरे आहेत. प्रवाळाला बोलतोय मी."

"मग तर प्रश्नच मिटला," ती म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि एकदा उत्तर चुकलं की पोरांकडे जशी बघायची तशीच नवऱ्याकडे बघायची.

मापसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होते. मखमलीच्या पेटीत पितळी वजनं घेऊन बाजारात फिरायचे, दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटा निघाला तर लाल चिठ्ठी चिकटवून काटा बंद करायचे. एका तेलवाल्याने वैतागून हे नाव ठेवलं आणि ते बाजारभर झालं. साहेबांना ते मनातून आवडायचं, हे बायकोला ठाऊक होतं, म्हणूनच ती चिडली की तेच वापरायची.

गेल्या चार महिन्यांत या टाकीपायी घराच्या नाकी नऊ आले होते. प्रवाळ दर सोमवारी-मंगळवारी मिटतं आणि आठवड्याच्या शेवटी पुन्हा जरा उमलतं, असं साहेबांच्या लक्षात आलं, आणि रविवारी बायको घर पुसते हेही लक्षात आलं. झालं! फरशीचं औषध बंद. मग डास मारायचा फवारा बंद. मग तिच्या हाताचं क्रीम, कारण ते हवेतून पाण्यात जातं असं कुणीतरी कुठेतरी लिहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "सोमवारी मिटतं म्हणता? सोमवारी मलासुद्धा मिटावंसं वाटतं. तुम्ही मला कधी तपासलं नाहीत."

मासेवाल्याने तर आणखी भर घातली. मासे आणि प्रवाळं विकणारा हा गृहस्थ फोनवर दर वेळी तितक्याच खात्रीने नवं काहीतरी सांगायचा. दिवा फार प्रखर आहे म्हणाला, साहेबांनी कमी केला. दहा दिवसांनी म्हणाला, "साहेब, उजेड कमी पडतोय बघा." साहेबांनी वाढवला. मग पंप फिरवला, मग कोळशाची पिशवी टाकली, मग काढली. शेवटी मासेवाला म्हणाला, "काही काही प्रवाळं अशीच रुसतात हो," आणि साहेबांनी फोन इतक्या जोरात ठेवला की मासे खडकामागे गेले.

पण खरा गुन्हेगार सापडला असं साहेबांना वाटलं तो दिवस महिन्यापूर्वीचा. आणि तो गुन्हेगार निघाला त्यांचा बाप.

बाबांनी एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली होती. तिथे मोठमोठ्या हौदांत मिठाचं पाणी असतं, ते शून्याखाली जातं तरी गोठत नाही, आणि त्यात बुडवलेल्या डब्यांत बर्फाच्या लाद्या तयार होतात. त्या पाण्यात मीठ किती आहे यावर सगळा कारखाना चालायचा. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले तेव्हा त्यांना करायला काही नव्हतं. मग टाकी आली, आणि बाबांना काम मिळालं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी रेघेपर्यंत आणावी लागते. हे काम बाबांचं. सकाळचा चहा झाला की निळा मग घेऊन ते टाकीशी उभे राहायचे. मासे वर यायचे. बाबा प्रत्येक प्रवाळाशी काय-काय बोलायचे. हातोडीला नवं तोंड फुटलं की पहिल्यांदा त्यांनाच दिसायचं. आणि मग हळूच पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावायचे.

"जरा खारट लागतंय रे," असं ते एकदा म्हणाले होते.

"बाबा, समुद्र खारटच असतो," साहेब वहीतून डोकं न काढता म्हणाले होते.

पुढच्या महिन्यात बाबांनी परत तेच सांगितलं. साहेबांनी नळी आणली. ही नळी म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र: पुढच्या काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत निळ्या-पांढऱ्या रंगाची सीमा कुठल्या आकड्यावर आहे ते वाचायचं. बाबांनी डोळा लावला. पस्तीस.

"बघितलंत?"

"बघितलं," बाबा म्हणाले. "पण मला खारट लागतंय."

त्यानंतर खारेपणा दर आठवड्याला घसरायला लागला. शनिवारपर्यंत चौतीस, कधी तेहतीस. साहेब दर रविवारी मीठ विरघळवून तो पस्तीसवर आणायचे आणि पुढच्या शनिवारी तो परत खाली. साहेबांचं डोकं फिरायची वेळ आली. आणि मग महिन्यापूर्वी एका सकाळी ते छत्री विसरली म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आले तर बाबा टाकीतलं पाणी मगाने काढून मोरीत ओतत होते आणि त्याच्या जागी गोडं पाणी घालत होते.

"बाबा! हे काय चाललंय?"

बाबा मग हातात धरून उभे राहिले. "फार खारट झालं होतं. जरासं कमी केलं."

"जरासं? कधीपासून करताय?"

"रोज दोन-तीन मग. जास्त नाही."

साहेबांचा तोलच गेला. तीन महिन्यांचा सगळा वैताग त्या निळ्या मगावर निघाला. आपण रात्रंदिवस मोजमाप करतोय आणि घरातलंच माणूस मागून पाणी मुरवतंय, प्रवाळ मरतंय ते या खालीवर होण्यानेच, असं सगळं ते बोलले. बाबा म्हणाले, "अरे, माझी जीभ एकतीस वर्षं..." आणि साहेबांनी त्यांना मध्येच तोडलं.

"जिभेला प्रमाणपत्र नसतं, बाबा! यापुढे टाकीला हात लावायचा नाही. पाणी मी घालीन."

बायको दारात उभी होती. बाबांनी मग उपडा घालून ओट्यावर ठेवला आणि खोलीत गेले. त्यानंतर ते चहा खोलीतच घ्यायचे. हॉलमध्ये बसले तरी टाकीकडे पाठ करून बसायचे. पंधरा दिवसांनी म्हणाले, "ताईकडे जाऊन येतो. जरा बदल." आणि आपली उशी घेऊन गेले. माणूस चार दिवसांच्या बदलाला उशी नेत नाही, हे साहेबांनाही कळलं. पण ते म्हणाले, "जा की. बरं वाटेल."

काल ताईचा फोन आला होता. साहेबांची ही थोरली बहीण लपवाछपवी करणारी नव्हतीच. "बाबा आता इथेच राहतो म्हणतायत. मी कपाट रिकामं केलंय. त्यांची ट्रंक शनिवारी पाठवून दे."

ट्रंक टाकीच्या शेजारीच भरून उभी होती. आज गुरुवार होता.

आणि साहेबांना सगळ्यात जास्त झोंबत होतं ते हे, की बाबांना टाकीपासून दूर केल्यावर खारेपणा पस्तीसवर खिळ्यासारखा बसला होता. आता तरी हातोडी सुधारायला हवी होती! उलट ती झपाट्याने खचत होती. शनिवारी उमलायची तेही थांबलं. महिन्याभरात दोन गोगलगायी मेल्या, आणि आता हा उघडा पडलेला दगड. साहेबांनी वही मिटली, पेटी उचलली आणि जिना उतरताना रेलिंगला उगाचच एक फटका मारला.

त्या दिवशी बाजारात त्यांना पहिलं दुकान मिळालं खिळ्यांचं. म्हणजे खिळे, चुका, बिजागऱ्या, किलोवर विकणारं. दुकान एका म्हाताऱ्या बाईंचं, आणि बाजारात त्यांच्या जिभेला सगळे वचकून होते. साहेबांनी काट्यावर दोन किलोचं पितळी वजन ठेवलं. काट्याने वीस ग्रॅम कमी दाखवले.

"काटा चुकीचा आहे, बाई."

"माझा काटा?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "परवाच दुरुस्त करून आणलाय. तुमचं वजनच चुकीचं नसेल कशावरून?"

हा प्रश्न साहेबांना गेल्या बावीस वर्षांत निदान दोनशे जणांनी विचारला होता. त्याचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं आणि ते द्यायला त्यांना आवडायचं. "बाई, ही वजनं दरवर्षी वरच्या प्रयोगशाळेत जातात. तिथे त्यांना त्यांच्याहून अचूक वजनांशी ताडून बघतात. हे बघा प्रमाणपत्र, ही तारीख. पितळसुद्धा झिजतं, धूळ बसते, म्हणून नुसत्या विश्वासावर काही ठेवायचं नसतं. ज्याने दुसऱ्याला मोजायचं त्यालाच आधी..."

आणि साहेब थांबले.

"त्यालाच आधी काय?" बाईंनी विचारलं.

साहेबांच्या डोळ्यांसमोर घरच्या कपाटातली एक बाटली आली होती. नळी खरं सांगते की नाही हे बघायला ते महिन्यातून एकदा तिच्या काचेवर त्या बाटलीतले दोन थेंब टाकायचे. बाटलीतलं पाणी बरोबर पस्तीसचं. नळी चौतीस किंवा छत्तीस दाखवायला लागली की ते बारीक स्क्रू फिरवून तिला पस्तीसवर आणायचे. ते पाणी त्यांनी स्वतः ऑफिसच्या नाजूक काट्यावर केलं होतं, लेबलवर सही केली होती. पस्तीसची बाटली, घरात सगळे तिला असंच म्हणायचे.

कधी केलं होतं ते पाणी? तीन वर्षं झाली. त्यानंतर ते कशाशी ताडून बघितलं? कशाशीच नाही.

"साहेब, पाणी देऊ का?" बाई म्हणाल्या. "चेहरा उतरला तुमचा."

"काट्याचं मी उद्या बघतो," साहेब म्हणाले. बावीस वर्षांत असं ते पहिल्यांदाच म्हणाले, आणि खिळेवाल्या बाई तोंड उघडं टाकून बघत राहिल्या.

ऑफिसात जाऊन त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पण आधी काट्यावर साडेछत्तीस ग्रॅम शुद्ध मीठ तोललं, त्यात शुद्ध पाणी घालून बरोबर एक किलो केलं. समुद्री मिठाऐवजी साधं मीठ इतकं घातलं की नळीतून ते पस्तीसच्या समुद्रासारखंच दिसतं. हे प्रमाण त्यांना पाठ होतं, जुनी बाटलीही त्यांनी अशीच भरली होती. घरी आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बायको नुकतीच शाळेतून आली होती. त्यांनी बूट न काढता कपाट उघडलं.

पस्तीसच्या बाटलीच्या झाकणाला तडा होता. मानेभोवती मिठाची पांढरी किनार जमली होती. आणि पाणी, जे भरताना मानेपर्यंत होतं, ते दोन बोटं खाली गेलं होतं. महिन्याला दोन थेंब काढून बाटली दोन बोटं रिकामी होत नाही. पाणी उडून गेलं होतं आणि मीठ मागे राहिलं होतं. टाकीचं हेच होतं म्हणून बाबा रोज मग घेऊन उभे राहायचे. बाटलीपाशी कुणी उभं राहिलं नव्हतं.

साहेबांनी नळीच्या काचेवर नव्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि खिडकीकडे तोंड केलं. पस्तीस दिसायला हवं होतं. एकतीस दिसलं.

त्यांनी काच पुसली, परत थेंब टाकले. एकतीस.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"नळी चार कमी दाखवतेय," साहेब म्हणाले. "टाकीत पस्तीस नाहीये. एकोणचाळीस आहे."

"म्हणजे खारट आहे."

"हो."

"बाबा म्हणत होते तसं."

साहेब वही घेऊन ट्रंकेवर बसले आणि पानं मागे उलटायला लागले. खारेपणाच्या रकान्यात शनिवारी शनिवारी त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं. तेहतीस. चौतीस. तेहतीस. ज्या दिवशी मोरीतला प्रकार उघडकीला आला त्या दिवशी नुसतं "बाबा!" लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि शेजारीच शेऱ्याचा रकाना होता, तोही त्यांच्याच अक्षरात. प्रत्येक लाल आकड्यासमोर: आज बरं उमललं. आज छान. आज सगळी तोंडं उघडी. आणि प्रत्येक सोमवारी, त्यांनी मीठ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी: मिटलं.

तीन महिने बाबा आठवडाभर एकेक मग करून ते प्रवाळ जगवत होते आणि रविवारी मापसाहेब मीठ घालून त्याला पुन्हा मारत होते. सगळं वहीत होतं, तारीखवार. त्यांनी ते रोज लिहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

बायकोने खांद्यावरून वाकून वाचलं. तिच्या तोंडावर आलेलं ती बोलली असती तर साहेबांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. पण ती म्हणाली, "बूट घातलेलेच आहेत. जा."

ताईने दार उघडलं आणि त्यांच्या हातातली वही बघून म्हणाली, "ट्रंक कुठाय?"

"बाबा कुठेत?"

बाबा मागच्या बाल्कनीत स्टुलावर बसले होते. समोर दोन कुंड्या होत्या, दोन्हींना नुकतंच पाणी घातलेलं. निळा नव्हता, हा हिरवा मग होता. मुलाला बघून ते जरा सावरून बसले.

"बाबा, चूक माझी होती," साहेब उभ्यानेच म्हणाले. वाटेत दहा वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एक आठवेना. "पस्तीसची बाटली खराब झाली होती. त्यामुळे नळी खोटं सांगत होती. पाणी खारटच होतं. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, आणि मी तुम्हाला... मी फार वाईट बोललो."

बाबांनी मग खाली ठेवला. "किती निघालं?"

"एकोणचाळीस."

बाबांनी मान हलवली. "तेवढंच वाटलं होतं."

"मग मला धरून सांगितलं का नाहीत?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू मला नळी दाखवलीस." बाबांचा आवाज चढला नाही, पण पहिल्यांदाच त्यात राग होता. "मी म्हटलं, याच्याशी वाद नको. गुपचूप पाणी घालू. तर तू तेही वहीत लिहिलंस. लाल शाईने. मी वाचलंय ते."

साहेबांना वाटलं होतं की ती वही आपल्याशिवाय कुणी उघडत नाही. ते खाली फरशीवर बसले, बाबांच्या पायांशी, आणि त्यांना रडू आलं. ताई दारातून आत निघून गेली.

बाबांनी हिरवा मग बाजूला सरकवला. "हातोडीची किती तोंडं राहिली?"

"नऊ. दोन तोंडांचा दगड दिसतोय."

"आज काही केलंस का?"

"नाही. एकदम कमी केलं तर धक्का बसेल."

"बसेलच," बाबा म्हणाले. "रोज थोडं थोडं करावं लागेल. दहा-बारा दिवस. तुला ऑफिस आहे." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायला सुरुवात केली आणि आत हाक मारली. "ताई, माझी उशी कुठे ठेवलीस गं?"

संध्याकाळी टाकीसमोर तिघं उभी होती. बाबांनी शर्टाची बाही वर केली, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. साहेबांच्या हातात नव्या पाण्यावर नीट करून घेतलेली नळी होती, पण ती त्यांनी डोळ्याला लावली नाही. बाबांनी तीन मग काढले, तीन घातले. चौथा भरला, पण आजच्यापुरतं झालं म्हणून ठेवून दिला. मग काचेशी वाकून ते हातोडीच्या उघड्या पडलेल्या दोन तोंडांकडे बराच वेळ बघत राहिले.

बायकोने टेबलावर वही उघडून ठेवली होती. साहेबांनी तारीख घातली. खारेपणाच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी लाल पेन बाजूला सारलं, निळं घेतलं, आणि आकड्याच्या जागी लिहिलं: बाबा म्हणतात, अजून खारट आहे.